तीन दरवाजांची गल्ली

28 फेब्रुवारी 1616 या एका दिवशी फ्रँकफर्टने दोन मिरवणुका पाहिल्या. पहिली रॉसमार्क्ट या मोठ्या चौकाकडे गेली. व्हिन्सेन्झ फेटमिल्श हा मध-मसाल्याचे केक भाजणारा कारागीर. त्याचा आणि त्याच्या साथीदारांचा तिथे भर गर्दीत शिरच्छेद झाला. दुसरी मिरवणूक वेशीतून आत आली. आसपासच्या गावांत दीड वर्ष आसऱ्याला राहिलेली ज्यू कुटुंबे बादशाही शिपायांच्या बंदोबस्तात, ढोल-कर्ण्यांच्या गजरात शहरात परतत होती. त्यांना देशोधडीला लावणाऱ्याचे मस्तक धडावेगळे झाले होते आणि त्यांची घरे त्यांना परत मिळाली होती.

ही मिरवणूक एका गल्लीत जाऊन पोचली. गल्लीच्या दरवाजांवर साम्राज्याचा गरुड लावण्यात आला. आत राहणारी माणसे खुद्द सम्राटाच्या संरक्षणाखाली आहेत, अशी ग्वाही त्यासोबत कोरली होती. आणि रात्र झाली की तेच दरवाजे पूर्वीप्रमाणे बाहेरच्या जगासाठी बंद होऊ लागले.

जर्मन भाषेत या गल्लीला यूडेनगासे म्हणत, ज्यूंची गल्ली. लांबी सुमारे 330 मीटर, रुंदी जेमतेम तीन ते चार मीटर. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला पाच मिनिटे पुरेत. युरोपातल्या जुन्या शहरांत अरुंद गल्ल्यांना तोटा नाही. त्या बहुतेक आपसूक अरुंद झाल्या. आधी पायवाट पडली, मग तिच्या कडेने घरे उठली, मग घरांनी वाट आवळली. फ्रँकफर्टची ही गल्ली मात्र हुकुमाने अरुंद झाली आणि तीनशेहून अधिक वर्षे हुकुमानेच अरुंद राहिली. तिचा इतिहास वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

कॅथेड्रलच्या सावलीतून तटाबाहेर

फ्रँकफर्टमध्ये ज्यूंची वस्ती बाराव्या शतकापासूनची. सुरुवातीला ते शहराच्या ऐन मध्यात, कॅथेड्रल आणि माइन नदी यांच्या दरम्यान, ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या बरोबरीने राहत होते. शेजार होता, पण अभय नव्हते. 1241 मध्ये त्यांची कत्तल झाली. वस्ती पुन्हा उभी राहिली आणि 1349 मध्ये, प्लेगच्या साथीच्या काळात, पुन्हा कापली गेली. त्या वर्षीच्या एका कराराने तर अंगावर काटा येतो. राजा चौथा चार्ल्स याने ज्यूंवरचे आपले हक्क नगराकडे पैशासाठी गहाण टाकले होते. ज्यू मारले गेले तर नगराला जबाबदार धरले जाणार नाही आणि त्यांची मालमत्ता नगराला मिळेल, अशी सोय त्यातच करून ठेवलेली होती. कत्तल झाली ती या करारानंतर काही आठवड्यांतच.

1360 नंतर ज्यू कुटुंबे पुन्हा येऊ लागली, कारण शहराला त्यांच्या करांची आणि कर्जाऊ पैशांची गरज होती. पण कॅथेड्रलच्या इतक्या जवळ ज्यूंचे प्रार्थनामंदिर असावे, हे चर्चला खुपत होते. सम्राट तिसरा फ्रेडरिक याने त्यांना तिथून हलवण्याचा लकडा लावला. नगरपरिषदेने बरीच वर्षे चालढकल केली, अखेर मान तुकवली. 1462 मध्ये ज्यूंना घरेदारे सोडून नव्या जागी जावे लागले.

नवी जागा जुन्या तटाच्या बाहेर, खंदकाच्या कडेने वळण घेत गेलेल्या एका पट्टीत होती. पहिली घरे नगरानेच बांधून दिली. जमीन कायम नगराच्या मालकीची राहिली. सुरुवातीला दोनशेही माणसे नव्हती. तेवढ्यांना ती पट्टी प्रशस्तच वाटली असेल. गल्लीला तीन दरवाजे होते. रात्री, रविवारी आणि ख्रिस्ती सणांना ते बंद होत. व्हेनिसचा सुप्रसिद्ध घेटो स्थापन झाला 1516 मध्ये. फ्रँकफर्टची गल्ली त्याच्या अर्धशतक आधीची.

उंच आणि खोल

पुढच्या दीडशे वर्षांत न्यूरेंबर्ग, रेगेन्सबर्ग अशा एकेका शहराने आपल्या ज्यूंना हाकलून दिले. फ्रँकफर्टने त्यांना राहू दिले. शिवाय वसंत आणि शरद ऋतूंत इथे भरणाऱ्या जत्रांना साऱ्या युरोपातून व्यापारी येत, तेव्हा पोटापाण्याची सोय होती. माणसे येत राहिली. सतराव्या शतकाच्या आरंभी गल्लीतली वस्ती अडीच-तीन हजारांच्या घरात गेली होती. नगरपरिषदेने जागा मात्र वाढवून दिली नाही.

मग व्हायचे तेच झाले. एका घराची दोन झाली, दोनाची चार. मागची परसे बांधून काढली आणि पुढच्या रांगेमागे घरांची दुसरी रांग उभी राहिली. रुंदीला वाव नव्हता म्हणून घरे उंच आणि खोल होत गेली. वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आले, की खाली उभ्या माणसाला आकाशाची फक्त पट्टी दिसे. ऊन पोचत नसे, सांडपाणी वाहून जात नसे. आणि बाहेरून येणारे प्रवासी नाकाला रुमाल लावून गल्लीच्या घाणीची वर्णने लिहीत. ही घाण ज्यूंच्या अंगचीच आहे, असा निष्कर्ष ते बिनदिक्कत काढत. ज्या नगरपरिषदेने जागेचा तुकडा वाढवू दिला नाही, तिच्याकडे बोट दाखवण्याचे फार थोड्यांना सुचले.

घरांना क्रमांक नव्हते, नावे होती. दारावर पाटी किंवा चिन्ह असे: लाल ढाल, काळी ढाल, जहाज, पांढरा मेंढा, ससाणा. कुटुंबे घराच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि तीच पुढे आडनावे झाली. लाल ढालीच्या घरातून रोथशिल्ड आले, जहाजावरून शिफ, काळ्या ढालीवरून श्वार्झशिल्ड. विसाव्या शतकात आइन्स्टाइनच्या समीकरणांतून कृष्णविवराच्या गणिताकडे नेणारी उकल काढणारा कार्ल श्वार्झशिल्ड हा याच शहरातल्या ज्यू कुटुंबातला. त्याचे नाव आज खगोलशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

एवढ्याशा जागेत एक अख्खे गाव नांदत होते. प्रार्थनामंदिर, रुग्णालय, बेकरी, लग्नकार्यांसाठी सभागृह, धर्मशास्त्र शिकवणारी पाठशाळा हे सगळे तिथे होते. इथल्या रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, शब्द जर्मनीभर मानला जाई. मिकवा, म्हणजे विधीपूर्वक शुद्धिस्नान करण्याचे कुंडही होते. मिकव्याला भरून आणलेले पाणी चालत नाही, नैसर्गिक पाणीच लागते. त्यामुळे भूजल लागेपर्यंत दगडी पायऱ्या खोल खणत नेलेल्या होत्या. वरच्या गर्दीपासून दूर, काळोखात, थंडगार पाण्यापाशी एकेक बाई दिवा घेऊन उतरत असेल.

कारागिरांच्या संघटनांची दारे ज्यूंना बंद होती. शहरात ते जमीनही घेऊ शकत नव्हते. उरली सावकारी, नाण्यांची अदलाबदल, जुन्या कपड्यांचा आणि किरकोळ मालाचा व्यापार. आणि याच धंद्यांवरून त्यांना नावे ठेवली जात.

बेकरीवाल्याचे बंड

फेटमिल्शचे बंड सुरू झाले तेव्हा त्याचा रोख ज्यूंवर नव्हता. 1612 मध्ये मथायस सम्राट झाला. त्याच्या निवडणुकीच्या निमित्ताने फ्रँकफर्टच्या कारागिरांनी मागणी केली, की नगराला मिळालेल्या सनदा जाहीरपणे वाचून दाखवा. मूठभर श्रीमंत घराण्यांनी नगरपरिषद आपल्या ताब्यात ठेवली होती. कर वाढले होते आणि हिशेब कोणी दाखवत नव्हते. तक्रारी खऱ्या होत्या. पण मागण्यांच्या यादीत आणखी दोन कलमे होती: व्याजाचा दर कमी करा आणि ज्यूंची संख्या घटवा.

नगरपरिषदेच्या तिजोरीचा घोळ पुढे उघडा पडला, तशी चळवळ फेटमिल्शच्या हाती गेली आणि जहाल झाली. सम्राटाने कारवाईची धमकी दिली. सम्राटापुढे हात टेकलेल्या जमावाने आपला राग मग जवळच्या, दुबळ्या माणसांवर काढला.

22 ऑगस्ट 1614 रोजी जमाव गल्लीवर चालून गेला. आतल्यांनी दरवाजांमागे बाकडी, पिंपे, दगड रचून ठेवले होते. बायकामुले, म्हातारीकोतारी शेजारच्या कबरस्तानात गोळा झाली होती. पुरुष काही तास झुंजले. अखेर दरवाजा फुटला. रात्रभर लूट चालली. काही ख्रिस्ती शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून ज्यूंना घरात लपवले, याचीही नोंद आहे. दुसऱ्या दिवशी 1,380 माणसांना नदीच्या बाजूच्या वेशीतून बाहेर काढण्यात आले. अंगावरच्या कपड्यांनिशी होड्यांत बसून ती माइनच्या वर-खाली, मिळेल त्या गावाकडे गेली.

सम्राटाने फेटमिल्शला गुन्हेगार ठरवले. त्यात ज्यूंचा कळवळा किती होता हे सांगायला नको. ज्यू थेट सम्राटाच्या आश्रयाखाली गणले जात, त्यांचा कर त्याला मिळे, आणि नगरातल्या एका बेकरीवाल्याने त्याचा अधिकार धुडकावला होता. खटल्यातही भर होता तो राजद्रोहावरच. फेटमिल्शची उजव्या हाताची शपथेची बोटे आधी तोडली, मग मस्तक. त्याचे घर जमीनदोस्त करून तिथे निंदास्तंभ उभारला गेला. त्याचे आणि काही साथीदारांचे मस्तक नदीवरच्या पुलाच्या बुरुजावर टांगले. दीडशे वर्षांनंतर त्यातली एक कवटी शहरात वाढणाऱ्या एका मुलाला दिसत होती. तो मुलगा योहान वोल्फगांग गोएथे.

परत आलेल्या ज्यूंनी आपल्या पंचांगात अदार महिन्याची 20 तारीख सण म्हणून जोडली. तिला नाव दिले ‘विन्झ पुरीम’. पुरीम हा मूळचा सुटकेचा सण आणि विन्झ हे फेटमिल्शच्या पहिल्या नावाचे लघुरूप. या प्रसंगावर एल्हानान हेलेन याने रचलेले ‘विन्झ हान्स लीड’ हे गीत त्या दिवशी गायले जाई. मारायला आलेल्या माणसाच्याच नावाने सण साजरा करण्यात या लोकांची जिगर दिसते.

पाचशे कुटुंबे, बारा लग्ने

1616 मध्ये त्यांना संरक्षण मिळाले, तशी नवी नियमावलीही मिळाली. गल्लीत पाचशेपेक्षा जास्त कुटुंबे राहता कामा नयेत. वर्षाला बारांहून अधिक लग्ने होता कामा नयेत. हे दुसरे कलम वाचताना थांबावेसे वाटते. पाचशे घरांतली तरुण मुलेमुली बाराच्या यादीत आपला नंबर कधी लागेल याची वाट बघत बसत. लग्न ठरले तरी करता येत नसे. ज्यांना थांबणे शक्य नव्हते, ते गाव सोडून जात. जमावाने तलवारीने जे साधले नाही, ते नगरपरिषद कागदावर साधू पाहत होती. संख्या ताब्यात ठेवण्याचा हा नियम 1834 पर्यंत टिकला.

गल्ली दोनदा आगीने खाल्ली. 14 जानेवारी 1711 रोजी रात्री रब्बी नफ्ताली कोहेन यांच्या घरात आग लागली. लाकडी सांगाड्यांची, एकमेकांना टेकलेली घरे आणि वर वारा. मदतीच्या नावाखाली लुटारू शिरतील, या भीतीने रहिवाशांनीच काही काळ दरवाजे लावून धरले होते. 1614 ची आठवण शंभर वर्षांनीही तितकीच ताजी होती. एका दिवसाच्या आत जवळजवळ सगळी गल्ली राख झाली. बेघर झालेल्यांना तात्पुरते शहरात भाड्याने राहता आले, पण पुन्हा बांधणी झाली ती त्याच पट्टीत, त्याच दरवाजांच्या आत. दहा वर्षांनी, 1721 मध्ये, उत्तरेकडची शंभरावर घरे पुन्हा जळाली.

लहान गोएथे याच काळानंतरच्या गल्लीत डोकावला. आत्मचरित्रात त्याने लिहिले आहे, की ती दाटी, तो कोंदटपणा पाहून आधी त्याला भीती वाटली. मग कुतूहलाने तो पुन्हापुन्हा जाऊ लागला. त्याने तिथे लग्न पाहिले, सण पाहिले आणि जिथे गेला तिथे त्याचे स्वागत झाले. ज्याने उंबरठा ओलांडला त्याला माणसे दिसली.

हिंटरफाने नावाचे घर

1744 मध्ये ‘हिंटरफाने’ नावाच्या, मागच्या बाजूच्या एका घरात मायर आमशेल रोथशिल्डचा जन्म झाला. पूर्वज लाल ढालीच्या घरातून इथे राहायला आले होते, नाव मात्र तेच राहिले. मायरने जुनी दुर्मीळ नाणी विकण्यापासून सुरुवात केली. हेस्सेचा राजपुत्र विल्हेल्म हा त्याचा गिऱ्हाईक झाला आणि नाण्यांवरून व्यवहार हुंड्यांवर, हुंड्यांवरून कर्जांवर गेला. त्याच्या पाच मुलांनी फ्रँकफर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स आणि पॅरिस इथे पेढ्या उघडल्या. मुंबईत सासून डॉक बांधणाऱ्या अल्बर्ट सासून यांचा मुंबईतच जन्मलेला मुलगा एडवर्ड याचे 1887 मध्ये अलीन द रोथशिल्डशी लग्न झाले. ती या मायर आमशेलची पणती.

मायरची बायको गुटले हिचे चित्र मात्र मनातून जात नाही. तिला एकोणीस मुले झाली, त्यांतली दहा जगली. मुले युरोपच्या राजांना कर्ज देऊ लागली, महालांत राहू लागली. गुटले गल्लीतल्या ‘हिरव्या ढाली’च्या घरातून हलली नाही. 1849 मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी तिथेच तिने डोळे मिटले. तोवर बहुतेक शेजारी गल्ली सोडून गेले होते. तिच्यासाठी ते घर होते, आणि घर सोडायला भाग पाडणारा हुकूम जितका अन्यायाचा, तितकेच घरात राहण्याचे स्वातंत्र्य मोलाचे.

दरवाजे पडले, नावे बदलली

दरवाजे पाडले ते तोफांनी. 1796 च्या जुलैमध्ये फ्रेंच सैन्याने फ्रँकफर्टवर मारा केला आणि गल्लीचा उत्तरेकडचा मोठा भाग जळाला. इतक्या माणसांना आत कोंडायला जागाच उरली नाही, तेव्हा नगराने त्यांना बाहेर राहू दिले. कायद्याने समान नागरिकत्व मिळाले 1811 मध्ये, नेपोलियनच्या छत्राखालच्या राजवटीत, तेही ज्यूंनी 4 लाख 40 हजार गुल्डन मोजल्यावर. नेपोलियन पडताच नगराने दिलेले परत घेतले. पैसे घेऊन दिलेला हक्कही टिकला नाही. पूर्ण समानता यायला 1864 उजाडले.

या उलटसुलटीचा फटका बसलेल्यांत गल्लीतच 1786 मध्ये जन्मलेला युदा ल्योव बारूख होता. 1811 च्या कायद्यामुळे त्याला नगराच्या पोलीस खात्यात नोकरी मिळाली. नेपोलियननंतर ज्यू म्हणून ती गेली. मग तो लुडविग ब्योर्ने या नावाने लिहू लागला आणि जर्मन भाषेतल्या धारदार राजकीय लेखकांत गणला गेला. 1837 मध्ये तो पॅरिसमध्ये वारला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सधन ज्यू शहरभर पांगल्यावर, गल्लीत गोरगरीब उरले. 1870 आणि 1880 च्या दशकांत नगराने मोडकळीला आलेली घरे पाडली आणि रस्ता रुंद केला. रोथशिल्डांचे घर तेवढे जपले. 1885 मध्ये रस्त्याला ब्योर्नेचे नाव मिळाले. ज्या गल्लीत तो कोंडला गेला, तीच त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

ते नाव पन्नास वर्षे टिकले. 1935 मध्ये नाझींनी ते पुसले. नोव्हेंबर 1938 मध्ये गल्लीतले मुख्य प्रार्थनामंदिर आणि ब्योर्नेच्या चौकातले प्रार्थनामंदिर जाळले गेले. ऑक्टोबर 1941 पासून फ्रँकफर्टच्या ज्यूंना शहराच्या मोठ्या भाजीमंडईच्या तळघरात गोळा करून गाड्यांत भरून पाठवू लागले. शेजारच्या जुन्या कबरस्तानातले दगड फोडण्याचे कामही हाती घेतले गेले. 1944 च्या बॉम्बहल्ल्यांत रोथशिल्डांचे घर गेले. युद्ध संपल्यावर नव्या रुंद रस्त्यांखाली गल्लीची रेषासुद्धा गाडली गेली.

पाच तळघरे

1987 मध्ये त्या जागी नगराच्या वीज-पाणी खात्याची इमारत बांधायला घेतली आणि खोदताना गल्ली वर आली. जवळजवळ वीस घरांचे पाये, विहिरी, मिकवे. काम पुढे रेटायचे नगराने ठरवले. तेव्हा ज्यू आणि ज्यूतर अशा शेकडो नागरिकांनी निदर्शने केली, काहींनी खोदकामाची जागाच ताब्यात घेतली. वाद जर्मनीभर गाजला. शेवटी तडजोड झाली. पाच घरांचे पाये उचलून नव्या इमारतीच्या तळघरात पुन्हा रचले आणि 1992 मध्ये तिथे संग्रहालय उघडले. बाजूच्या कबरस्तानाच्या भिंतीत 1996 मध्ये छोटे-छोटे पोलादी ठोकळे बसवले. प्रत्येकावर नाव, जन्मतारीख, मृत्यूचे ठिकाण. असे अकरा हजारांहून अधिक. त्यांत ॲन फ्रँकचेही नाव आहे, कारण ती याच शहरात जन्मली होती.

2018 मध्ये फ्रँकफर्टने कॅथेड्रलजवळचा जुना भाग नव्याने उभारून लोकांसाठी खुला केला. बॉम्बहल्ल्यांत गेलेली काही लाकडी नक्षीची घरे जुन्या आराखड्यांवरून हुबेहूब बांधली. पर्यटक तिथे गर्दी करतात, आणि ती घरे देखणीही आहेत. पण त्याच कॅथेड्रलच्या शेजारून 1462 मध्ये ज्यू कुटुंबांना उठवून तटाबाहेर नेले होते. शहराला जुने शहर पुन्हा हवे असेल, तर ते सगळे हवे असले पाहिजे. गल्लीही आणि तिच्या दरवाजांच्या किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या तेही. तळघरातली पाच घरे वाचली ती शहराने जपली म्हणून नव्हे, 1987 मध्ये काही माणसे चिखलात उतरून बुलडोझरसमोर उभी राहिली म्हणून. इतिहास असाच टिकतो. ज्यांना तो आपला वाटतो, ते त्यासाठी उभे राहतात तेव्हा.